विश्लेषण : पडद्यावरचे '८० टक्के हो' म्हणजे जनमत का?

कार्यक्रमात पडद्यावर क्यूआर कोड येतो. प्रेक्षक मोबाइलवरून मत देतात आणि क्षणात टक्केवारी झळकते. संध्याकाळपर्यंत तोच स्क्रीनशॉट 'जनतेचा कौल' म्हणून फिरू लागतो. पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

हात वर करण्यापेक्षा वेगळं काय?

हात वर करताना शेजारी बघतो, साहेबही बघतात. बटण दाबताना कुणाला काही कळत नाही. त्यामुळे माणूस मोकळेपणाने मत देतो. 'कौन बनेगा करोडपती'मध्येही इतरांची उत्तरं मतदान संपल्यावरच दिसतात. १९०७ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधल्या एका प्रदर्शनातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. बैलाचं मांस किती भरेल, हे लोकांनी त्यावर लिहिलं होतं. सगळ्यांचा मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्षात भरलं ११९८. प्रत्येकाने आपापला अंदाज लिहिला होता, हे महत्त्वाचं.

मग गडबड कुठे होते?

स्लायडो, मेंटिमीटरसारख्या साधनांवर मतदान सुरू असतानाच निकाल दाखवता येतो. पुढे असलेला पर्याय दिसला की उरलेले तिकडे झुकू शकतात. निकाल शेवटपर्यंत झाकून ठेवण्याची सोय आहे, पण ती वापरायची की नाही हे आयोजक ठरवतो. प्रश्नही तोच लिहितो.

यंत्राचा आकडा अंतिम असतो का?

१७ डिसेंबर २०२४ रोजी 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्यावर लोकसभेत मतदान झालं. नव्या इमारतीत यंत्राने झालेलं हे पहिलंच मतदान. पडद्यावर आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा आला. चिठ्ठ्या मोजल्यावर तो २६९ विरुद्ध १९८ झाला. म्हणजे ९८ मतं वाढली. संसदेत चुकलेलं मत चिठ्ठीने दुरुस्त करता येतं. कार्यक्रमाच्या सभागृहात सहसा अशी सोय नसते.

फॉरवर्ड करण्याआधी काय पाहावं?

प्रश्न काय होता? सभागृहात किती जण होते? मत किती जणांनी दिलं? समजा ३०० जणांपैकी ४० जणांनीच मत दिलं आणि त्यातले ३२ 'हो' म्हणाले, तरी पडद्यावर ८० टक्केच दिसतात. प्रत्यक्षात 'हो' म्हणणारे नऊ-दहा जणांमागे एकच.