छोट्या वाइनरीचं खरं दुकान कोणतं? टेस्टिंगचं टेबल!

नाशिकमध्ये वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. व्हाइट वाइनसाठी रस 12 ते 18 अंशांवर आंबवावा लागतो. बाहेर एप्रिलपर्यंत पारा चाळिशीकडे सरकतो. टाक्या थंड ठेवायच्या म्हणजे विजेचं बिल आलंच. रेड वाइन तर महिनोन् महिने बॅरलमध्ये, आणि पैसेही तिथेच अडकलेले.

2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला मंजुरी दिली. विरोध झाला, अंमलबजावणी रखडली. तसंही शेल्फची जागा मोठ्या ब्रँडनीच व्यापली असती. छोट्याची बाटली खपते ती त्याने स्वतः ग्लासात ओतून चव समजावल्यावर. (नुसते सेल्फी काढून जाणारेही असतातच.) सवलत द्यायचीच तर आधी टेस्टिंग रूमच्या परवाना शुल्कात द्या.