शर्यत संपली, आता पुढे काय?

अकोल्याचे एक शिक्षक फेब्रुवारी महिन्यात माझ्याकडे तपासणीसाठी आले. जानेवारीत त्यांनी मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर अंतर धावून पार केले होते. शाळेत सत्कार झाला, नातेवाइकांनी पेढे वाटले. आणि आता महिना उलटला तरी गडी घराबाहेर पडायला तयार नव्हता. "डॉक्टरसाहेब, बिमारी काही नाही. पण सकाळी बुटाकडं पाह्यलं का मनच होत नाही. आता धावून करू तरी काय, असं वाटते."

मी नाडी व रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन करून घेतले. सारे ठीक होते. मग औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यांना माझीच गोष्ट सांगितली. वाचकहो, ती तुम्हालाही सांगतो, कारण चूक कबूल केल्याखेरीज उपदेश करण्याचा अधिकार मिळत नाही.

२०१८ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी तीच शर्यत पूर्ण केली. धावू लागलो होतो ते मात्र शर्यतीसाठी नव्हे, रक्तातील साखरेसाठी. अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्यावर दोन वर्षे पहाटे धावलो आणि साखर आटोक्यात आली. पण हळूहळू साखर विसरलो आणि पदक तेवढे डोळ्यांपुढे राहिले. पदक मिळाले, तसा व्यायामही संपला. 'थोडी विश्रांती' म्हणता म्हणता पाच महिने गेले, वजन सात किलोंनी वाढले, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ वरून ७.३ वर गेली. रुग्णांना रोज फिरायला जा म्हणून सांगणारा मी, स्वतः मात्र घरातून दवाखान्यात स्कूटरवर जात होतो!

असे का होते? वर्षभर घर लग्नाच्या तयारीत असते. याद्या, खरेदी, पाहुणे. लग्न लागते, मांडव उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी घर खायला उठते. मोठ्या शर्यतीचेही तसेच आहे. पहाटे उठण्याचे कारणच एका दिवसात नाहीसे होते. त्यात स्नायू आतून दुखावलेले असतात, झोप बिघडलेली असते. त्याला आळस म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

मग दुसरी भीती मनात बसते की, मेहनत वाया गेली. याविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील एडवर्ड कॉइल व सहकाऱ्यांनी १९८४ साली तो प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या सात जणांचा व्यायाम त्यांनी ८४ दिवस बंद ठेवला. पहिल्या तीन आठवड्यांत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्के घटली आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के. पुढे घसरण थांबली. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे तर ८४ दिवसांनंतरही कमी झाले नव्हते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाणी आटले, पण खोदलेले पाट शाबूत राहिले. पुन्हा पाणी सोडले की ते वाहणार. अर्थात हे हृदयाचे आणि फुप्फुसांचे झाले. माझ्यासारख्या मधुमेह्याची साखर इतकी धीर धरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

माझे स्पष्ट मत असे की, आपण शर्यतीची तयारी शिकतो, पण शर्यतीनंतरची तयारी कोणी शिकवत नाही. आपल्या वऱ्हाडाला खरे तर हे ठाऊक आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पायी पंढरपूरला जाते. आषाढी झाली म्हणून ती तिथेच संपत नाही. ती पायीच परत फिरते, आणि खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसे तिच्यासोबत चालतात. वारीला परतीचा प्रवास आहे. धावणारा मात्र पदक गळ्यात घालून रेल्वेत बसतो आणि परतीची वाट चालतच नाही.

ही परतीची वाट अशी असावी. पहिला आठवडा झोप, भरपूर पाणी, वरण-भाकरी, दही, अंडी आणि रमतगमत चालणे. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास चालणे किंवा सायकल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हलके धावणे, तेही सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. ज्यांचा सराव काही महिने तुटला आहे, त्यांनी जुना हिशेब विसरावा. पूर्वी आठवड्याला पन्नास किलोमीटर धावत असाल तर पंधरापासून सुरुवात करा. महिनाभर घड्याळ घरी ठेवा. आणि रितेपण घालवण्यासाठी लगेच दुसऱ्या शर्यतीची फी भरू नका. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून अधिक अंतर. आपल्याला ती दोन नावे दिसतात, मधले वर्ष दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती उन्हाची. जानेवारीत थांबलेला माणूस एप्रिलमध्ये उठतो, तेव्हा अकोल्याचा पारा चाळिशीपार गेलेला असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्च वाया घालवू नका. उशीर झालाच तर सूर्योदयापूर्वी, थोडे थोडे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. छातीत दुखणे, लघवी गडद तपकिरी होणे, किंवा दोन आठवड्यांहून अधिक उदासपणा व झोप नसणे यांपैकी काही असेल तर ते मनाचे खेळ समजू नका, डॉक्टरांना भेटा.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले. आखाड्याच्या त्या परंपरेत व्यायाम हा स्नानासारखा रोजचा आहे. आज अंघोळ केली म्हणून उद्याची कोणी सोडत नाही. शर्यत जरूर धावा, पण ती सणासारखी असू द्या. सण झाला तरी चूल पेटवावीच लागते.

त्या शिक्षकांना मी एवढेच सुचवले की, शाळेतील दोन सहकाऱ्यांना सोबत घ्या आणि त्यांच्या चालीने चाला. मीही तसाच सावरलो होतो. शेजारच्या एका साखरेच्या रुग्णाला मी रोज फिरायला नेऊ लागलो, आणि त्याच्या निमित्ताने माझे पाय घराबाहेर पडले. माझी साखर पुन्हा साडेसहाच्या खाली यायला आठ महिने लागले. पदक अजून खुंटीला आहे. त्याच्या खाली आता बूट ठेवतो, आणि ते रोज पहाटे जागेवरून हलतात.