नदीच्या नावाचा जिल्हा

१८६१ साली मध्यप्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, तेव्हा प्रांताच्या दक्षिण टोकाला आज विस्मृतीत गेलेला एक जिल्हा होता : अपर गोदावरी. आदल्याच वर्षी निजामाने इंग्रजांच्या स्वाधीन केलेले गोदावरीकाठचे तालुके त्यात होते आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण होते. बहुधा जिल्ह्याला मुख्य गावाचे नाव मिळते. येथे ते नदीचे मिळाले. मद्रास इलाख्यात, नदीच्या मुखाकडे, गोदावरी नावाचा जिल्हा होताच. ‘अपर’, म्हणजे वरच्या अंगाचा, या विशेषणाने दोहोंतील भेद कळे.

१८७४ साली हा जिल्हा मोडला. भद्राचलम व रेकापल्ली मद्रासकडे गेले. सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले. १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा निघाला आणि सिरोंचा त्यात समाविष्ट झाले. एकेकाळी जिल्ह्याचे ठाणे असलेल्या या गावातील रहिवाशास आज जिल्हा कचेरी गाठण्यासाठी दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करावा लागतो. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याच्या मागणीमागे हेच अंतर आहे. नकाशावरील नाव एका आदेशाने बदलते. कचेरी दूर गेल्याचा खर्च मात्र पिढ्यान्‌पिढ्या रहिवाशांच्या खाती पडत राहतो.