लेबर रूमचे दार सोबतीच्या बाईला उघडा


महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. बाईला दवाखान्यापर्यंत आणण्यात आपण नाव कमावले, पण आत गेल्यावर तिच्याजवळ कोण असते? सरकारी लेबर रूममध्ये नोकरी केलेली परिचारिका म्हणून सांगते, बहुतेक वेळा कोणीच नसते. आई नाहीतर सासू जुन्या लुगड्याचे तुकडे आणि चहाचा थर्मास घेऊन दाराबाहेर ताटकळते आणि पहिलटकरीण आत एकटीच कळा सोसते.

नियम मात्र वेगळे सांगतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला मुभा दिली. पुढच्या वर्षी लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी आलेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानेही त्यावर भर दिला. अटी अवघड नाहीत. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये.

मुंबई-पुण्यात ऐपत असलेली कुटुंबे याच सोबतीसाठी हजारो रुपये मोजून ‘डूला’ ठेवतात. ते श्रीमंतांचे चोचले नव्हेत. सतरा देशांतल्या १५ हजारांहून अधिक महिलांवरील अभ्यास तपासून २०१७ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेने निष्कर्ष काढला की, सतत कोणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी घटतो. सोबतीण करते काय? पाठ चोळते, पाणी पाजते, उठवून चालवते, धीर देते. एकाच वेळी चार बायकांकडे धावणाऱ्या सिस्टरला यातले काहीच जमत नाही.

वार पडल्यानंतरचे पहिले काही तास तर फारच नाजूक असतात. अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. उशाशी बसलेल्या बाईच्या हाताला कापड भिजलेले लागते आणि ती ओरडते, ‘‘सिस्टर, हिच्या अंगावरून जास्त जातंय!’’ उपचार आम्हीच करणार. पण हाक वेळेवर यायला हवी. नंदुरबारमध्ये पावरी किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या बाईचे दुखणे आमच्यापर्यंत पोहोचवायलाही तीच लागते.

नातेवाईक गोंधळ घालतात, जागा अपुरी आहे, इतर बायकांचा आडपडदा राहत नाही, असे आमचेच लोक म्हणतात. हाणामारीचे प्रकार पाहिल्यामुळे ही भीती मला खोटी वाटत नाही. पण बाहेरच्या माणसांचा संताप बऱ्याचदा आत काय चालले आहे ते न कळल्यामुळे चढतो. घरची एक बाई आत असली, तर तीच बाहेरच्यांना समजावते. आडपडद्याचे म्हणाल, तर दोन टेबलांमध्ये पडदा लावायला मंत्रालयाची मंजुरी लागू नये.

खरा प्रश्न आहे तो जिच्यामागे कोणीच नाही तिचा. ऊसतोडीच्या फडावरून किंवा वीटभट्टीवरून आलेल्या बाईची सासू गावी असते आणि नवरा दाराबाहेर. तिच्यासाठी तालुक्यातल्याच अनुभवी बायकांना प्रशिक्षण देऊन प्रत्येक प्रसूतीमागे मानधन द्यावे. हे काम आशाताईंच्या माथी मारू नये. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक लेबर रूमबाहेर हा नियम मराठीत लावावा आणि प्रत्येक केसपेपरवर ‘सोबत कोण होते’ याची नोंद सक्तीची करावी. ती जागा कोरी राहिली, तर कारण विचारले जावे. विचारणारे कोणी नसल्यामुळेच २०१६ चा नियम आजवर कागदावर राहिला आहे.

– एक निवृत्त परिचारिका, नाशिक