बिघाड शोधणे हाही अभ्यासच आहे

संगणक कक्षात लॅपटॉप सुरू होतो, पडदा उजळतो, पण इंटरनेट लागत नाही. पुढे काय होते ते आपल्या सीमाभागातल्या बहुतेक शाळांना ठाऊक आहे. "नेट गेलं" असे म्हणून तास संपवला जातो, मुले वर्गात परततात आणि बीदर, उदगीर नाहीतर कलबुर्गीहून दुरुस्तीवाला येईपर्यंत कक्षाला कुलूप लागते. पुष्कळदा तो येऊन सैल झालेली वायर खटकन बसवतो, येण्याजाण्याचे पैसे घेतो आणि जातो. पैशांपेक्षा वाया गेलेले तास महाग असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वायरने जोडलेल्या लॅपटॉपचा बिघाड शोधणे हे आठवीपासूनच्या मुलामुलींना शिकवावे आणि ते काम त्यांच्या हाती सोपवावे.

कुणी म्हणेल, प्रत्येकाच्या घरी मोबाइल आहे, मग वायरीचे एवढे काय? पण घरातला एकच मोबाइल वडिलांच्या खिशात शेतावर किंवा बाजारात जातो. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा औराद, भालकी, आळंद भागातल्या खेड्यांत काय ओढाताण झाली, ती पालकवर्ग विसरलेला नसेल. ज्या मुलीच्या घरी लॅपटॉप नाही, तिच्यासाठी शाळेचा कक्ष हाच एक दरवाजा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा राहिला, तर नुकसान तिचेच होते.

आता बिघाड शोधायचा कसा? उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातला करेझ आहे, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा. त्याला वरून ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे आहेत. खाली पाणी आले नाही तर सगळा बोगदा खणायचा नसतो. एकेका तोंडातून डोकावत जायचे. एका तोंडात पाणी दिसले आणि पुढच्यात दिसले नाही, की अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे हे कळते. नेटवर्कचेही तसेच आहे. लॅपटॉप, वायर, सगळ्या वायरी जिथे येतात ती स्विचची पेटी, राउटर आणि बाहेरची लाइन, अशी ही तोंडे ओळीने पाहायची.

आधी शेजारचा लॅपटॉप चालतो का ते पाहा. तो चालत असेल तर बाहेरच्या लाइनला दोष देऊ नका. मग वायर जिथे खोचतो तिथला बारीक दिवा बघा, लॅपटॉपचाही आणि स्विचचाही. काही पातळ लॅपटॉपना ही खाचच नसते, तिथे जोडणीचा अ‍ॅडॉप्टर नीट बसला आहे का ते पाहावे. दिवा नसेल तर प्लग काढून पुन्हा टक आवाज येईपर्यंत बसवा. प्लगची चिमुकली पट्टी तुटली असेल तर तो आपोआप सैल होतो. तरीही दिवा लागला नाही, तर चालू असलेल्या लॅपटॉपची वायर इथे लावून पाहा, मग स्विचवरची खाच बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नये. तीन गोष्टी एकदम बदलून नेट आले, तर काय बिघडले होते ते कधीच कळत नाही.

दिवा आहे पण नेट नाही, तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्त्याचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक घेतला आहे. अशा वेळी राउटर चालू आहे का आणि त्याच्यापासून स्विचपर्यंतची वायर शाबूत आहे का ते पाहावे. पत्ता ठीक असेल तर 'पिंग' आज्ञेने आधी राउटरला आणि मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला हाक मारावी. आकड्याला उत्तर येते पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेत गडबड आहे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरून कोणत्याही लॅपटॉपवर काहीच येत नाही, तेव्हा मात्र कंपनीला फोन करावा.

नेट चालते पण रखडते, याचेही कारण कधी वायरीतच असते. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिटसाठी दोन जोड्या पुरतात, १००० साठी चारही लागतात. उंदराने एखादी तार कुरतडली की वेग बहुधा १०० वर उतरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अशी तांब्याची वायर १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तर नेऊच नये, कारण वळवाच्या विजा स्विच जाळून टाकतात. तिथे ऑप्टिकल फायबर घालावी. आपल्या भागातली तांबडी धूळही खाचेत बसते, म्हणून रिकाम्या खाचा झाकून ठेवाव्यात.

ही पद्धत मुलांच्या आवाक्यातली आहे, याचे श्रेय जोडणीच्या रचनेलाही आहे. अमेरिकेत १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळी यंत्रे एकाच जाड वायरीवर होती. ती एके ठिकाणी तुटली की सगळे जाळे बसायचे. १९९० साली प्रत्येक यंत्राला वेगळी वायर देण्याची पद्धत प्रमाण ठरली आणि बिघाड एका वायरीपुरता मर्यादित झाला. मेटकाफ यांना २०२२ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आपण मात्र त्यांच्या वायरीला हात लावायला अजून भितो.

ही भीती पालकांत आणि विश्वस्तांतही आहे. "पोरं यंत्र बिघडवतील" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पण नेटवर्कची वायर काढून घालण्याने लॅपटॉप बिघडत नाही. विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही आणि कोणतेही यंत्र उघडायचे नाही, एवढी शिस्त घालून दिली की पुरे. कुलूप लावून जपलेली यंत्रे तशीच जुनी होतात.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी की, पुढचा नवा लॅपटॉप घेण्याआधी दोन जादा वायरी, प्लगांचे एक पाकीट, प्लग दाबायची पक्कड आणि वायर तपासायचे यंत्र घ्यावे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. कक्षात एक वही ठेवावी आणि काय दिसले, काय बदलले, काय झाले हे मुलांनी मराठीत लिहावे. पडद्यावरचे इंग्रजी संदेश जसेच्या तसे उतरवून त्यांचा अर्थ मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मांडावा. तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना ते जड नाही. पाळीने दोन विद्यार्थी नेमावेत आणि त्यात एक मुलगी असावी.

मुलांनो, पुढच्या वेळी "नेट गेलं" असे म्हणू नका. कुठपर्यंत आले आहे आणि कुठे अडले आहे, ते सांगा.