रेशीमकीटकाचा रोग, शेतकऱ्याचा घोर

येवल्याची पैठणी रेशमावर उभी आहे आणि रेशीम कीटकांच्या तब्येतीवर. नाशिक जिल्ह्यात तुती लावून कोष काढणाऱ्या शेतकऱ्याला उझी माशीचा धाक असतो. ती कीटकाच्या अंगावर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी आत शिरते, कातडीवर काळा डाग उरतो. कोष पोखरून ती बाहेर पडली, की त्याचा सलग धागा निघत नाही.

माशी जाळीने अडवता येते; पेब्रीन हा रोग मात्र आईकडून अंड्यात उतरतो. त्यावरचा उपाय लुई पाश्चरने १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समध्ये बसवला. अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, परजीवीचे बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करायची. आजही निरोगी अंडीपुंज असेच निवडतात.

कीटक आता अन्नासाठीही पाळतात; युरोपीय संघाने २०२२ मध्ये रातकिड्याला अन्न म्हणून मान्यता दिली. दाटीने पाळलेल्या त्या किड्यांनाही परजीवी सोडत नाहीत. म्हणजे कीटकांच्या रोगांचे ज्ञान आता रेशमापुरते उरलेले नाही.

मेलेला कीटक घेऊन शेतकऱ्याने जावे कुठे? तालुक्याच्या गावी सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस हवा, ही आमची मागणी आहे.