आधी जीव, मग अब्रू

१९ जून १९८६ ची सकाळ. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या वसतिगृहातून साडेसहाच्या सुमारास रुग्णवाहिकेसाठी फोन गेला. बेशुद्ध पडलेला मुलगा होता लेन बायस. वय अवघे बावीस. बास्केटबॉलच्या मैदानावर त्याचा खेळ पाहायला लोक लोटत. दोनच दिवसांपूर्वी बोस्टन सेल्टिक्स या नामवंत संघाने त्याची निवड केली होती. मित्रांबरोबर आनंद साजरा करताना त्याने कोकेन घेतले आणि सकाळचे नऊ वाजायच्या आत तो गेला. त्याची रक्तवाहिनी तुंबली नव्हती. कोकेनने हृदयाच्या ठोक्यांची लयच मोडून टाकली होती.

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, जिन्यावर धाप लागणारा गृहस्थ येतो. विशी-तिशीतला धडधाकट मुलगा येत नाही. म्हणूनच त्याच्या छातीत दुखू लागले, तर घरचे 'अपचन झाले असेल' म्हणून त्याला सोडा-लिंबू देतात.

कोकेन शरीरात काय करते? आपल्या मज्जातंतूंमधून जी उत्तेजक द्रव्ये पाझरतात, ती काम झाल्यावर पुन्हा शोषली जातात. कोकेन हे शोषण रोखते. मग नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त रक्त हवे असते. आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात, रक्ताची गुठळी होण्याचीही शक्यता वाढते. मागणी दुप्पट आणि पुरवठा निम्मा, असा हा प्रकार. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका चोवीस पटींनी वाढलेला आढळला. त्यासाठी मुरलेला व्यसनी असावे लागत नाही. सोबत दारू असेल, तर यकृतात दोन्हींचे मिळून आणखी एक घातक द्रव्य तयार होते.

अशा रुग्णावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र ते नेहमीच्या झटक्यासारखे हुबेहूब नाहीत. अॅस्पिरिन, नायट्रोग्लिसरीन ही औषधे तीच. पण इथे डायझेपामच्या जातीचे शामक औषध पहिल्या फळीत येते, कारण खवळलेले मज्जातंतू शांत झाले की नाडी आणि रक्तदाबही उतरतात. वाहिनी खरोखरच तुंबली असेल, तर इतरांसारखीच तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते. खरी मेख बीटा-ब्लॉकर गटातल्या औषधांत आहे. हृदयरुग्णांना ती सर्रास दिली जातात. परंतु कोकेनच्या अमलाखाली असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल दिल्यास आकसलेल्या वाहिन्या आणखी आकसू शकतात, हे १९९० मध्ये प्रयोगाने दिसून आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सुरुवातीच्या काळात ही औषधे टाळण्याचा सल्ला दिला. पुढे त्यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. काही औषधे काही परिस्थितीत चालतात, असे मत पुढे आले. पण हा निर्णय डॉक्टरांनी करायचा, तर त्यांना मुळात कोकेनची गोष्ट ठाऊक हवी ना?

आणि नेमकी तीच त्यांना सांगितली जात नाही. मित्र रुग्णाला दवाखान्याच्या दारात सोडून पसार होतात. आई म्हणते, "माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही हो." बाप गप्प. बँकेत असताना मी अशी कर्जप्रकरणे पाहिली आहेत. जुने देणे लपवून नवे कर्ज घेणारा माणूस साहेबाला फसवत नसतो, स्वतःच्या बुडण्याची सोय करत असतो. तिथे फार तर घर जाते. इथे घरातले माणूस जाते.

'व्यसनी माणसाचे एवढे लाड कशाला?' असे काही वाचक विचारतील. त्या रागामागचे दुःख मी समजू शकतो. लेन बायसच्या मृत्यूने अमेरिकेतही असाच संताप उसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंमली पदार्थांसाठी सक्तीच्या किमान शिक्षांचा कायदा झाला. पण शिक्षेच्या धाकाने मित्राचा हात फोनपर्यंत पोहोचत नाही. हे उमगायला तिथे वीस वर्षे लागली. २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने, अतिसेवनाच्या प्रसंगी मदत मागणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. इतर अनेक राज्ये त्यामागून गेली.

आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात सेवनाच्या आणि अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यांच्या खटल्यापासून सूट आहे. परंतु रात्री दोन वाजता मित्राला दवाखान्यात आणणाऱ्यासाठी त्यात काही नाही. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये संरक्षण मिळाले. तेच इथे का मिळू नये? विकणाऱ्याला सोडा, असे कोणी म्हणत नाही. उचलून आणणाऱ्याला सोडा, एवढेच मागणे आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरातला कायदा मात्र आज बदलता येतो. 'काहीही झाले असले, कितीही वाजले असले, तरी आधी आम्हाला फोन कर; रागावणे नंतर होईल,' हे वाक्य मुलांच्या कानावर वेळेत पडले पाहिजे. छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना काय घेतले, किती वाजता घेतले, सोबत दारू होती का, हे स्पष्ट सांगावे. घरगुती औषध करू नये. जीव वाचला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. कोकेन सुटले नाही, तर झटका पुन्हा येऊ शकतो. बायस गेला त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे, हे आपण ऐकत आलो आहोत. आजार लपवायचा नसतो, एवढेच आपल्या गळी उतरायचे राहिले आहे.

अब्रू गेली तर ती पुन्हा मिळवता येते. तेवढ्यासाठी तरी मूल हयात हवे.